पहिल्या पगाराआधीचे खाते

परक्या देशात नोकरीसाठी उतरलेल्या माणसाला पहिल्या पंधरवड्यात तीन गोष्टी लागतात: राहायला खोली, बोलायला फोन आणि पगार जमा व्हायला बँकेत खाते. या तिन्ही गोष्टी एकमेकींवाचून अडतात. घरमालकाला भाडे खात्यातून हवे असते. बँकेला पत्त्याचा पुरावा हवा असतो, म्हणजे खोलीचा करार किंवा विजेचे बिल. फोन कंपनी महिन्याच्या जोडणीसाठी खाते मागते आणि बँक ओटीपी पाठवायला स्थानिक नंबर मागते. तिकडे कंपनीचा पगार विभाग ठरावीक तारखेच्या आत खाते क्रमांक द्या म्हणतो. ती तारीख हुकली की पहिला पगार पुढच्या महिन्यावर जातो.

बहुतेकांची ही अडचण काही आठवड्यांत सुटते, म्हणून ती किरकोळ मानली जाते. पण ते आठवडे सगळ्यांना सारखे महाग पडत नाहीत. कंपनीने हॉटेलात उतरवलेला संगणक अभियंता क्रेडिट कार्डावर महिना काढू शकतो. एजंटाचे पैसे भरण्यासाठी दागिने गहाण ठेवून गेलेल्या वेल्डरला किंवा परिचारिकेला तेवढी उसंत नसते. पगार रोखीने हातात पडला, तर किती ठरला होता आणि किती मिळाला याचा कागद राहत नाही. सोबत्याच्या खात्यावर पगार घेतला, तर तो पैसा आपला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी आपल्यावर येते. पुढे कर, विमा, घराचे भाडे, कुटुंबाला बोलावण्याचा अर्ज, सगळीकडे बँकेचे उतारे मागितले जातात.

महाराष्ट्राला हा विषय दूरचा नाही. २०२३-२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी देशात सुमारे ११८.७ अब्ज डॉलर पाठवले. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार त्यात महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, म्हणजे केरळपेक्षाही थोडा अधिक होता. या प्रत्येक रकमेच्या मागे कधीतरी, कुठल्या तरी परक्या शहरात उघडलेले पहिले खाते असते.

वेगवेगळ्या देशांनी हा प्रश्न कसा हाताळला हे पाहिले, तर तीन रीती दिसतात. काही देशांनी खाते हा कायदेशीर हक्क केला. काहींनी तो बँकेच्या मर्जीवर सोडला. काहींनी तो नोकरी देणाऱ्याच्या हाती दिला. या तिन्हींचा आढावा घेताना माझे म्हणणे आधीच सांगतो. ज्या सरकारने माणसाची कागदपत्रे तपासून त्याला कामाचा परवाना दिला, त्या सरकारने त्याच परवान्यावर त्याला मर्यादित व्यवहारांचे खाते पहिल्या दिवसापासून मिळवून दिले पाहिजे. पत्ता आणि कर क्रमांक मागाहून जोडता येतात.

बँक का अडते

बँकेचा हात आखडतो त्यामागे आंतरराष्ट्रीय नियमांची साखळी आहे. काळा पैसा रोखण्यासाठी जी-७ देशांनी १९८९ मध्ये पॅरिस येथे एक कृतिगट नेमला. 'एफएटीएफ' या नावाने तो ओळखला जातो. ग्राहक कोण, कुठला, त्याचा पैसा कशातून येतो हे बँकेने पडताळावे, ही त्याची मुख्य अपेक्षा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर त्यात दहशतवादाला पैसा पुरवण्याविरुद्धची कलमे जोडली गेली आणि देशोदेशीचे कायदे कडक झाले. आपल्याकडचे केवायसी हे याच व्यवस्थेचे रूप आहे.

नियम मोडला तर बँकेला जबर दंड होतो. नव्या कामगाराच्या छोट्या खात्यातून मिळकत मात्र थोडीच. त्याचा पासपोर्ट अनोळखी, पत मोजायला जुना हिशेब नाही, पत्ता तात्पुरता. अशा वेळी काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला 'नाही' म्हणण्यात काहीच धोका नसतो. 'हो' म्हणण्यात असतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. अडवणूक बहुतेक वेळा कायद्यापेक्षा बँकेच्या स्वतःच्या यादीतून येते. एफएटीएफचे नियम जोखमीच्या प्रमाणात तपासणी करा असे सांगतात. कमी जोखमीच्या ग्राहकासाठी सोपी तपासणी त्यांना मान्य आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये गटाने आपल्या पहिल्याच शिफारशीत बदल करून हे प्रमाणाचे तत्त्व आणखी ठळक केले, कारण अतिसावधपणामुळे गरीब आणि स्थलांतरित लोक बँकेबाहेर राहतात हे त्याच्याही ध्यानात आले होते. बँकेबाहेर राहिलेला पैसा हवाल्याने फिरतो आणि त्याचा माग कुणालाच लागत नाही. म्हणजे कामगाराला खाते नाकारल्याने काळ्या पैशाविरुद्धचे कामही सोपे होत नाही.

हक्काची वाट: जर्मनी, फ्रान्स, कॅनडा

मराठी वाचकांनी सध्या सर्वांत बारकाईने पाहावा असा देश जर्मनी. डिसेंबर २०२२ मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतराविषयी करार झाला. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, सुरुवातीला दहा हजार जणांना तयार करण्याचे ठरवले आणि जर्मन भाषेच्या वर्गांची आखणी केली. त्याच वर्षी जर्मनीने कुशल भारतीयांसाठीच्या वार्षिक व्हिसांची मर्यादा वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेली.

तिथे पोचलेल्या माणसाने घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत स्थानिक कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो. आपली मुले याला सरसकट 'आनमेल्डुंग' म्हणतात. त्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते. मोठ्या शहरांत या नोंदणीची वेळ मिळायलाच कित्येक आठवडे जातात. तात्पुरत्या भाड्याच्या खोल्यांचे मालक असे पत्र द्यायला अनेकदा नकार देतात. नोंदणी झाली की कर क्रमांक टपालाने येतो. बऱ्याच बँका नोंदणीचा दाखला पाहिल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. घर भाड्याने घेताना पतमापनाचा 'शूफा' दाखला मागतात आणि नव्या माणसाकडे तो नसतो.

यावर जर्मनीत कायद्याची तोड आहे. युरोपीय संघाने २०१४ मध्ये खात्यांविषयी निर्देश काढला: संघात कायदेशीर वास्तव्य असलेल्या कुणालाही मूलभूत खाते मिळाले पाहिजे. ठाम पत्ता नसलेले आणि आश्रय मागणारे लोकही यात येतात. जर्मनीने हा नियम जून २०१६ पासून लागू केला. तिथे या खात्याला 'बाझिसकोंटो' म्हणतात. पगार जमा होणे, पैसे पाठवणे, भाड्याची आपोआप वजावट, कार्ड, या सोयी त्यात असतात. कर्जाची उचल नसते. पूर्ण भरलेला अर्ज हाती आल्यापासून दहा कामकाजी दिवसांत बँकेने खाते देण्याची तयारी कळवायची, नाहीतर नकाराचे कारण द्यायचे. नकार पटला नाही तर 'बाफिन' या नियामक संस्थेकडे अर्ज करता येतो आणि ती बँकेला खाते उघडण्याचा आदेश देऊ शकते. शूफातली पत वाईट आहे, एवढ्यावर नकार देता येत नाही.

हक्क कागदावर आला तरी त्याची किंमत परवडायला हवी. डॉइचे बँकेने या खात्यासाठी महिन्याला ८.९९ युरो आकारले. ग्राहक संघटनांनी दावा लावला आणि ३० जून २०२० रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ते शुल्क अवाजवी ठरवले. तपासणीचा जादा खर्च केवळ याच खातेदारांच्या माथी मारता येणार नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

तरीही तडे उरतातच. काउंटरवरचा कर्मचारी आपण होऊन बाझिसकोंटोचा अर्ज पुढे करील असे नाही. मागणाऱ्याला नाव ठाऊक हवे. अर्जाचा नमुना बाफिनने प्रसिद्ध केलेला आहे. तो भरून नेला तर तोंडी नकार देणे बँकेला अवघड होते. दुसरी गल्लत 'श्पेरकोंटो'ची, म्हणजे व्हिसासाठी भारतातूनच उघडलेल्या बंद खात्याची. विद्यार्थ्यांसाठी त्यात वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागत आणि दरमहा ९९२ युरो सुटत. ते पगाराचे खाते नव्हे. त्यातला हप्ता घेण्यासाठीच साधे चालू खाते लागते.

फ्रान्सने हा विचार खूप आधी केला. तिथे १९८४ च्या बँकिंग कायद्यातच खात्याचा हक्क आला. बँकेने नकार दिला की माणूस बांक द फ्रान्सकडे, म्हणजे देशाच्या मध्यवर्ती बँकेकडे जातो. पूर्ण कागदपत्रे मिळाल्यावर ती एका कामकाजी दिवसात एखादी बँक नेमून देते आणि त्या बँकेला खाते उघडावेच लागते. नकाराचे कारण पटवून घेत बसण्यापेक्षा दुसरा दरवाजा नेमून देण्याची ही रीत कामगारासाठी जास्त उपयोगी आहे, कारण त्याच्याकडे तक्रार लढवायला वेळ नसतो.

कॅनडाने २००३ मध्ये नियम केले. ओळख पटली की नोकरी नसली, सुरुवातीला भरायला पैसे नसले किंवा माणूस पूर्वी दिवाळखोर झालेला असला, तरी बँकेने खाते उघडायचे. नकार द्यायचा तर लेखी द्यायचा आणि तक्रार कुठे करायची तेही सांगायचे. 'लेखी द्या' हा शब्द काउंटरवर किती काम करतो, हे सरकारी कचेऱ्यांत फिरलेल्या माणसाला सांगायला नको.

मर्जीची वाट: ब्रिटन, अमेरिका, जपान

ब्रिटनमध्ये दोन परस्परविरोधी प्रवाह एकत्र वाहतात. २०१५ च्या नियमांनुसार सरकारने नेमलेल्या नऊ मोठ्या बँकांनी विनाशुल्क मूलभूत खाते द्यायचे आहे. त्याच वेळी २०१४ च्या स्थलांतर कायद्याने बँकांना अर्जदाराचे वास्तव्य कायदेशीर आहे की नाही हे तपासायला लावले. सीमेवरच्या तपासणीचे काम असे बँकेच्या टेबलावर आले. कागदात थोडी विसंगती दिसली तरी बँक मागे सरते.

२०२४ अखेर तिथे निवास परवान्याची प्लास्टिक कार्डे बंद झाली आणि ई-व्हिसा आला. आता आपला दर्जा दाखवायला संकेतस्थळावरून एक 'शेअर कोड' काढायचा, जो ९० दिवस चालतो. हातात दाखवायला कार्ड नसणे हा नव्या माणसाच्या मनावरचा ताण आहे, म्हणून विमानात बसण्याआधीच ई-व्हिसाचे ऑनलाइन खाते चालू करून घेणे शहाणपणाचे. खरी अडचण पत्त्याची. घरपट्टी, वीज किंवा गॅसचे बिल चालते. मोबाइलचे बिल बऱ्याच ठिकाणी चालत नाही. चौघांनी मिळून घेतलेल्या घरात बिल एकाच्याच नावावर असते. तिथे रुग्णालयाचे किंवा कंपनीचे पत्र कामी येते. आरोग्यसेवेत रुजू होणाऱ्या परिचारिकांनी नेमणूक पत्रावर राहण्याचा पत्ता छापून मागावा. पुष्कळांना वाटते की नॅशनल इन्शुरन्स नंबर आल्याशिवाय खाते निघत नाही. ते खरे नाही.

अमेरिकेत असाच समज सोशल सिक्युरिटी नंबराबद्दल आहे. एच-१बी व्हिसावर पोचलेला माणूस तो नंबर येईपर्यंत थांबतो, आणि नंबरासाठी अर्ज करण्यापूर्वीही दहा दिवस थांबा, असा सल्ला तो नंबर देणारे कार्यालयच देते. पण २००१ च्या पॅट्रियट कायद्याखाली २००३ मध्ये लागू झालेला बँकांसाठीचा ओळखीचा नियम वाचला, तर त्यात परदेशी माणसासाठी पासपोर्ट क्रमांक पुरेसा धरला आहे. स्वतःचा पत्ता नसेल तर नातेवाइकाचा किंवा संपर्कातल्या व्यक्तीचा पत्ता देण्याची मुभाही आहे. म्हणजे पॅट्रियट कायद्यासारख्या कडक कायद्यानेही नवागताला वाट ठेवली होती. ती अरुंद केली ती बँकांच्या आपापल्या धोरणांनी. एका शाखेत 'नाही' ऐकलेल्या माणसाला त्याच शहरातल्या दुसऱ्या शाखेत खाते मिळते, ते यामुळेच.

अमेरिकेतल्या मेक्सिकन कामगारांचा अनुभव इथे शिकण्यासारखा आहे. मेक्सिकोच्या वकिलाती आपल्या नागरिकांना 'मात्रिकुला कॉन्सुलार' हे ओळखपत्र देत आल्या आहेत. २००१ पासून काही मोठ्या अमेरिकी बँका ते खाते उघडायला स्वीकारू लागल्या. विरोध झाला, पण २००३ मध्ये अमेरिकी अर्थखात्याने बँकांची ही मुभा कायम ठेवली. मायदेशाच्या सरकारने पुढे होऊन आपल्या माणसाची ओळख पटवली, तर परक्या देशातली बँकही हलते, हा त्यातला धडा.

जपानची गुंतागुंत निराळी आहे. २०१९ मध्ये तिथे विशिष्ट कौशल्याच्या कामगारांसाठी नवा व्हिसा सुरू झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताने त्याविषयी जपानशी सहकार्याचा करार केला. तिथे तीन महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्याला निवास कार्ड मिळते आणि घर घेतल्यापासून १४ दिवसांत नगरपालिकेत त्यावर पत्ता चढवायचा असतो. त्या कार्डावर पत्ता छापलेला असल्याने युरोपातली अर्धी अडचण इथे सुटते. पण 'सहा महिने झाले नाहीत' हे उत्तर बँकेत वारंवार ऐकायला मिळते. त्याचे मूळ परकीय चलन कायद्यात आहे: सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेला परदेशी माणूस 'अनिवासी' धरला जातो. मात्र जपानमधल्या कार्यालयात नोकरी करणारा पहिल्या दिवसापासून निवासी मानला जातो. नोकरीचा करार पुढे ठेवून हे शांतपणे सांगता आले, तर पुष्कळ वेळा मार्ग निघतो. सरकारने नवा व्हिसा आणताना बँकांना खाती सुलभ करायला सांगितले आणि वित्तीय नियामकाने अनेक भाषांत माहितीपत्रके काढली. जपान पोस्ट बँक हा बहुतेकांचा पहिला आधार ठरतो. काही ठिकाणी सहीऐवजी 'हांको', म्हणजे नावाचा शिक्का, अजूनही मागतात.

मालकाच्या हातातून: आखात आणि सिंगापूर

रत्नागिरी-रायगडातून पिढ्यान्‌पिढ्या आखातात माणसे गेली. त्यांच्या जुन्या आठवणींत बँकेपेक्षा घरी पैसे पाठवणाऱ्या एक्स्चेंजची रांग जास्त असते. पगार रोखीने, कधी दोन महिन्यांनी, कधी कापून. हे थांबवण्यासाठी संयुक्त अरब अमिरातीने २००९ मध्ये वेतन संरक्षण व्यवस्था आणली. सौदी अरेबियाने २०१३ मध्ये आणि कतारने २०१५ मध्ये तशीच पावले टाकली. कंपनीने प्रत्येक कामगाराचा पगार मान्यताप्राप्त बँकेमार्फत किंवा एक्स्चेंजमार्फत द्यायचा आणि त्याची नोंद सरकारकडे जायची. पगार थकला की यंत्रणेला दिसतो.

पगाराच्या वसुलीच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा आहे. कामगाराला पत्त्याचा पुरावा शोधत हिंडावे लागत नाही. कंपनी कागद भरते आणि कार्ड हातात येते. पण ज्याचा पगार बँकेच्या किमान अटीत बसत नाही, त्याला बहुधा पूर्ण खाते मिळत नाही, पगाराचे कार्ड मिळते. एटीएममधून पैसे काढता येतात. बचत, व्याज, पत या गोष्टी त्यावर उभ्या राहत नाहीत. कार्ड मुकादमाने 'सांभाळायला' ठेवून घेतल्याच्या तक्रारीही आखातात जुन्या आहेत. नोकरी सुटली की कार्डही सुटते. पगार पोचवण्याची सोय झाली, तरी माणसाचे स्वतःचे खाते झाले असे म्हणता येत नाही.

सिंगापूरने २०२० च्या साथीत या प्रश्नाला तातडीने हात घातला. वसतिगृहांत कोंडल्या गेलेल्या परदेशी कामगारांना रोख पगार देणे अशक्य झाले, तेव्हा सरकारने तिथल्या कामगारांचे पगार इलेक्ट्रॉनिक मार्गानेच द्यायला लावले आणि अल्प काळात मोठ्या संख्येने खाती निघाली. सरकारने ठरवले, कंपनीने यादी दिली आणि बँकेने कामाच्या परवान्यावरच ओळख मान्य केली, तर खाते उघडणे ही महिन्यांची गोष्ट राहत नाही, हे त्या वर्षी सिद्ध झाले. साथ नसतानाही हे करता येते.

आपल्या दारात

दुसऱ्यांकडे न्याय मागताना आपण काय करतो हेही पाहायला हवे. पुण्यात वाहन कंपनीत आलेला जर्मन अभियंता, गोव्यात नोकरीला आलेली रशियन शिक्षिका, मुंबईत राखणदारी करणारा नेपाळी माणूस, हे सगळे आपल्याकडचे नवागतच. नोकरीसाठी आलेला परदेशी माणूस इथे बचत खाते उघडू शकतो. १८० दिवसांहून मोठ्या व्हिसावर आलेल्याने १४ दिवसांत नोंदणी करायची असते. आधार मात्र वर्षभरात १८२ दिवस इथे राहिल्यावरच मिळते, म्हणून आधाराशिवाय काही न करणाऱ्या शाखेत तो अडतो. नियमात खरे तर सोय आहे: परदेशी माणसाच्या कागदावर पत्ता नसेल, तर त्याच्या वकिलातीचे पत्र चालते. ही सोय शाखेतल्या कर्मचाऱ्याला माहीत नसते, ही तक्रार इथेही तीच. नेपाळला पैसे पाठवण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये खास योजना आणली. खाते नसलेल्या माणसालाही तिच्यातून ५० हजार रुपयांपर्यंत रक्कम पाठवता येते.

आपल्या देशांतर्गत स्थलांतरितांसाठी मात्र भारताने दोन फार चांगल्या गोष्टी केल्या, आणि जगाने त्या पाहाव्यात. जून २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितले की पत्त्याचा एकच पुरावा पुरे. तो गावाकडचा असला तर सध्याचा पत्ता माणसाने स्वतः लिहून द्यावा. बिहारहून चाकणला आलेल्या कामगाराची पत्त्याची अडचण या एका परिपत्रकाने सोडवली. दुसरे 'छोटे खाते'. पुरेसे कागद नसले तरी फोटो आणि सही किंवा अंगठ्यावर ते निघते. शिल्लक ५० हजारांच्या आत, वर्षभराची जमा एक लाखाच्या आत, महिन्याची उचल दहा हजारांच्या आत, मुदत बारा महिने आणि कागदांसाठी अर्ज केल्याचे दाखवल्यास आणखी बारा. जोखीम मर्यादेने बांधली की तपासणी पुढे ढकलता येते, हे तत्त्व त्यात आहे. शासकीय संस्था, बँका आणि शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपन्या यांनी दिलेले घराचे वाटपपत्रही आपल्या नियमांत पत्ता म्हणून चालते. पक्का कागद तीन महिन्यांत आणून द्यायचा असतो. परदेशी कामगारासाठी जगभर मागायला हवे ते नेमके हेच.

ॲपची बँक पुरी पडते का

गेल्या दशकात ॲपवर चालणाऱ्या बँकांनी पुष्कळांची सुटका केली. ब्रिटनमध्ये अशा बँका विजेचे बिल न मागता पासपोर्ट आणि चेहऱ्याच्या चित्रफितीवर खाते देतात. ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या बँका देशात येण्यापूर्वीच ऑनलाइन खाते उघडू देतात. पैसे भरता येतात, काढता मात्र शाखेत ओळख पटवल्यावरच येतात. जपानने एप्रिल २०२३ पासून पगार डिजिटल पाकिटात देण्यास परवानगी दिली.

पण मर्यादा समजून घ्याव्यात. ॲपमधले प्रत्येक खाते बँकेचे नसते. काही कंपन्यांकडे केवळ इलेक्ट्रॉनिक पैशाचा परवाना असतो आणि तिथल्या शिलकीला बँक ठेवीसारखे विमा संरक्षण नसते. काही देशांचे पासपोर्ट व्हिडिओ पडताळणीत स्वीकारले जात नाहीत. जर्मनीत मग टपाल कार्यालयात जाऊन ओळख पटवावी लागते. आणि जिथे सगळा व्यवहार डिजिटल ओळखीवर चालतो, तिथे ती ओळख नसलेला माणूस अधिकच बाहेर पडतो. स्वीडनमध्ये किमान वर्षभर राहणाऱ्यालाच व्यक्ती क्रमांक मिळतो. तो क्रमांक आणि त्यावर आधारलेली 'बँक आयडी' नसेल, तर साधे पैसे पाठवणेही कठीण जाते. हंगामी कामगार तिथे हमखास अडतो.

नाव, आणि उसने दिलेले खाते

मराठी माणसासाठी आणखी एक बाब. आपले नाव तीन भागांचे: स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे, आणि आडनाव. पासपोर्टवर वडिलांचे नाव पहिल्या नावाला जोडलेले असते, पदवीवर आडनाव आधी असते, नेमणूक पत्रात मधले नाव गळलेले असते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांची तर तीन कागदांवर तीन नावे निघतात. जपानमध्ये हेच नाव काताकाना लिपीत लिहिले जाते आणि कंपनीने लिहिलेले नाव बँकेतल्या नावाशी अक्षरशः जुळले नाही, तर पगार परत फिरतो. यावर उपाय एकच. पासपोर्टवर जसे आहे तसेच नाव व्हिसा, नोकरीचा करार, भाडेपत्र आणि बँक, सगळीकडे लिहायचे, आणि करारावर सही करण्यापूर्वीच ते तपासायचे.

दुसरी बाब जास्त गंभीर. 'तुझ्या खात्यावर थोडे पैसे येतील, काढून दे, तुला हिस्सा मिळेल' असे सांगणारा माणूस नव्या कामगाराला हटकून भेटतो. देश सोडताना खाते आणि कार्ड विकत मागणारेही असतात. जपानमध्ये खाते विकणे हा गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये काळा पैसा फिरवण्याच्या गुन्ह्याला कमाल १४ वर्षांची शिक्षा आहे. एक खाते असे सापडले की त्या देशाच्या पासपोर्टाकडेच बँका संशयाने पाहू लागतात, आणि त्याची किंमत मागून येणाऱ्या निरपराध माणसाला मोजावी लागते. घरी परतताना खाते रीतसर बंद करून पावती घ्यावी. भारतातल्या खात्याचेही भान हवे: नोकरीसाठी परदेशी गेल्यावर साधे बचत खाते 'एनआरओ' या अनिवासी खात्यात बदलून घ्यायचे असते, आणि तिकडची कमाई पाठवायला 'एनआरई' हे अनिवासी खाते सोयीचे.

यातून काय निघते

तिन्ही वाटा शेजारी ठेवून पाहिल्या, तर प्रत्येकीत एक बाजू भक्कम आहे. हक्काच्या वाटेत कायदा माणसाच्या बाजूने उभा असतो, पण नवख्याला तो कायदा ठाऊक नसतो आणि दहा दिवसांची मुदतही पूर्ण अर्जापासून मोजली जाते. मर्जीच्या वाटेत धडपड्या माणसाला लवचीकता मिळते, पण भाषा न येणारा मागे पडतो. मालकाच्या वाटेत खाते पटकन हाती येते, पण त्याची किल्ली दुसऱ्याकडे राहते. चांगली व्यवस्था या तिन्हींमधून घडवता येते: खाते उघडण्याचे काम कंपनीने सुरू करावे, ते कामगाराच्याच नावावर आणि ताब्यात असावे, आणि नकार आला तर कायद्याने दुसरी बँक नेमून द्यावी.

महाराष्ट्र शासन आता स्वतः माणसे परदेशी पाठवू पाहत आहे. भाषेच्या वर्गात 'माझे नाव अमुक' शिकवताना 'मला मूलभूत खाते हवे आहे, नकार लेखी द्या' हेही शिकवले जावे. करारांच्या मसुद्यात चार कलमे घालता येतील: पहिल्या पगाराच्या तारखेआधी खाते, व्हिसा आणि नेमणूक पत्र हाच पुरेसा पुरावा, पक्क्या पत्त्यासाठी तीन महिन्यांची मुदत, आणि स्थानिक सामान्य ग्राहकापेक्षा जास्त शुल्क नाही. भारतीय दूतावासांनी नव्या कामगारांसाठी बँकेला दाखवता येईल असे एक छापील ओळखपत्र द्यावे. मेक्सिकोने वीसहून अधिक वर्षांपूर्वी जे केले, ते आपल्याला जमण्यासारखे आहे. यात मोठा खर्च नाही, नवा कायदाही लागत नाही. वाटाघाटीच्या टेबलावर कामगारांची संख्या मोजणाऱ्यांनी त्यांच्या पहिल्या पगाराची तारीखही विचारावी, एवढीच अपेक्षा आहे.